जाड गोळी की बारीक, दादा?

दादा,

तू गेल्यापासून दारात जो येतो तो नीट टेकायच्या आधी एकच विचारतो. "शेवटचं बोलनं कवा झालं? काय म्हनला?" तांब्यातलं पाणी पिऊन व्हायच्या आत हा प्रश्न येतोच. आधी आईला विचारतात, मग वहिनीला, आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतात, कारण रोज संध्याकाळी तुझं-माझं बोलणं व्हायचं हे साऱ्या भावकीला ठाऊक आहे. मी पदर सारखा करते आणि सांगते, "सगळ्यांची चौकशी करत होता." मग आलेला माणूस "लय मायाळू हुता बगा" म्हणतो आणि उरलेलं पाणी पितो.

खरं सांगितलं असतं तर त्याच्या हातातला तांब्या खाली पडला असता. तू मला म्हणालेलं शेवटचं वाक्य होतं, "उद्या ये. मी उभा ऱ्हातो, तू मार." आणि त्याच्या आधी कितीतरी वेळ आपण दोघं बंदुकीच्या गोळ्यांवरून कचाकचा भांडत होतो.

हे मी कुणाला आणि कसं समजावू, तूच सांग. मोबाइलवरचा गेम. विमानातून बेटावर उड्या मारायच्या, रिकाम्या घरांत शिरून बंदुका शोधायच्या, आणि लहान लहान होत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकायचं. कवठे महांकाळच्या मराठी शाळेतल्या बाई आणि कोयनानगरच्या वसाहतीतला वायरमन, दोघंही केस पांढरे व्हायला लागलेले, स्वयंपाकाच्या आधी कानात हेडफोन घालून त्या बेटावर पळत असतात, हे दुखवट्याला आलेल्या भावकीतल्या आप्पांना सांगायचं म्हणजे कठीणच. त्यांना अजून वाटतं की आपण आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. तेही बोलायचो म्हणा, पण जीपमध्ये बसून, मागनं कुणी गोळ्या झाडत असताना.

गेम तूच मला लावलास. टाळेबंदीच्या वर्षी राखीला तुला माझ्याकडं येता आलं नाही. मी फोनवर मुसमुसायला लागले तर म्हणालास, "बायडे, रडू नगं. राखी ऱ्हाऊ दे. ह्यो गेम घे उतरवून, तितं भेटू." मला वाटलं, व्हिडिओ कॉलचंच काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी बघते तर मी विमानातून खाली पडतेय आणि तू कानात ओरडतोयस, "छत्री उघड, छत्री उघड!" माझं नाव तू परस्पर 'बायडी' ठेवलं होतंस. तुझं होतं 'आटपाडीचा मेंढका'.

आणि मग सुरू झालं ते भांडण. तू सेव्हनच्या गोळीचा, मी फाइव्हच्या गोळीची. ती आकड्यांची नावं आपल्याला कधी रुचली नाहीत, आपण आपलं जाड गोळी आणि बारीक गोळी म्हणायचो. जाड गोळी लागली की समोरच्याचं रक्त जास्त जातं हे मीही मान्य करत होते. पण ती झाडताना बंदूक अशी उसळते की दुसरी गोळी झाडाला आणि तिसरी आभाळाला. बारीक गोळीचा घाव कमी, पण बंदूक हातात राहते आणि गोळ्या पटापट एका जागी बसतात. माझं म्हणणं एवढंच होतं की एका गोळीचा घाव काय धरून बसलायस, लागतात किती ते बघ. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर असायचं. "तुजी बारीक गोळी म्हंजे डास चावल्यागत. तुज्या चार लागंस्तवर त्यो झाडामागं जातो, पट्टी बांदतो, च्या पिऊन येतो. माजी एक बसली की इचार करतच बसतो." समोरच्याच्या अंगात गोळ्या अडवणारं भारीतलं जाकीट असलं की तुला आणखी जोर चढायचा. तिथं बारीक गोळी म्हणजे अक्षता, असं तू म्हणायचास.

बाकी सगळ्यावर आपलं एकमत होतं, ही गंमत बघ. छर्ऱ्यांची बंदूक दाराआड बसून चांगली, उघड्या रानात काही कामाची नाही. पिस्तुलाच्या गोळ्यांना आपण दोघंही फुटाणे म्हणायचो. भांडण फक्त या दोन गोळ्यांवर, आणि ते कधी मिटलं नाही.

मिटणार कसं? ते मोबाइलच्या लय आधीचं होतं. आठवतं का, मेंढरांमागं असताना आपल्या दोघांच्या कमरेला गोफणी असायच्या? तू माणगंगेच्या पात्रातनं मुठीत न मावणारे धोंडे उचलायचास. मी चिंचोक्याएवढे गुळगुळीत खडे ओच्यात भरून घ्यायचे. तुझा धोंडा एकदा भिरभिरला की लांडगा म्हणे पलीकडच्या तालुक्यात पळतो. माझे खडे लांडग्याला कळायचे तरी की नाही देव जाणे, पण तू एक फेकायचास तोवर माझे पाच-सहा फेकून व्हायचे. भांडत भांडत आपण आबांकडं जायचो. आबा बिडी विझवून म्हणायचे, "आरं, दगूड मेंढीला मारायचा नसतोय. ती जिकडं निगालीय तिच्या म्होरं टाकायचा. म्होरं आवाज झाला की ती आपसूक माघारी वळती." हे काही आपल्या भांडणाचं उत्तर नव्हतं. आपण दोघंही नाराज होऊन परत यायचो आणि पुन्हा भांडायचो.

पण आबांचं ते बोलणं तुझ्या हातात मुरलं होतं. गेममध्ये समोर माणूस दिसला की तू त्याच्यावर नेम धरायचाच नाहीस, त्याच्या हातभर पुढं धरायचास. पळता माणूस असला, गाडीतला असला, की तो आपणहून येऊन तुझ्या गोळीवर आदळायचा, आणि आपल्या टोळीत आलेली अनोळखी पोरं म्हणायची, "काका, तुम्ही मिलिटरीत होता का?" तू तोऱ्यात सांगायचास, "न्हाई गड्या, मेंढरात." पण तोच माणूस दगडासारखा उभा असला की तुझी गोळी त्याच्या शेजारनं निघून जायची. उभ्या माणसाला चुकणारा आणि पळत्याला टिपणारा नेमबाज मी दुसरा पाहिला नाही.

आणि चुकलं की सबब तयार. "भूकंप झाला." काय करणार, तू कोयनेत. मी इकडं सपाटीवर. खरं-खोटं तपासायची सोय नाही. "आत्ता हाललं बग, भांडी वाजली." मी म्हणायचे, "दादा, या आठवड्यात धरण पडायला पाहिजे होतं मग." वहिनी मागून ओरडायची, "काय बी हाललं न्हाई ओ वन्सं, चुकलाय निसता!" तुझ्या चुकलेल्या गोळ्यांइतके भूकंप खरोखर झाले असते तर सातारा जिल्हा समुद्रात गेला असता.

भांडणाचा निकाल लावायला आपण दोघांचीच खोली उघडायचो, तेही आठवून हसू येतं. सरावाचं मैदान, तिथं दुसरं कुणी नाही. एकानं भारी जाकीट घालून उभं राहायचं, दुसऱ्यानं गोळ्या घालायच्या, आणि किती रक्त गेलं ते बघायचं. साधी गोष्ट. शाळेत मी मुलांकडून असे प्रयोग करून घेते, एक बदलायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. पण तिथं पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हं, मार जाड गोळी." तू बंदूक खाली केलीस.

"त्ये जमायचं न्हाई."

"अरे, खेळातलं आहे."

"आसू दे की. बहिनीवर बंदूक धरू व्हय? तू मार मला."

मी किती समजावलं. म्हटलं, मी जाड गोळी चालवली की बंदूक माझ्या हातात उसळते, निम्म्या गोळ्या वर जातात, त्यात तुझ्याच गोळीचं नाव वाईट होतं. ज्याच्या हातात जी बंदूक बसते त्यानंच ती चालवली पाहिजे, नाहीतर तुलना कसली? सगळं तुला पटत होतं. तरी तुझं उत्तर एकच. "मग ऱ्हाऊ दे इचार. पन मी न्हाई मारनार." आणि जाकीट घालून तू त्या पांढऱ्या रेषेवर जाऊन उभा राहायचास, जागच्या जागी उड्या मारत. दोन्ही गोळ्या मीच मारायच्या. बारीक नीट लागायची, जाड आभाळात जायची. मी जिंकले म्हणायचे, तू म्हणायचास ही जीत धरायची नाही. दर वेळी प्रयोग तिथंच फसायचा आणि दर वेळी तू पुन्हा तसाच उभा राहायचास. वाद जिंकायची एकुलती एक वाट तुझ्या हातात होती, आणि ती वाट माझ्यावरून जाते म्हणून तू ती धरली नाहीस. तेव्हा मला त्याचा नुसता वैताग यायचा.

दादा, एक संध्याकाळ मात्र मला आज लिहायचीच आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी आम्हाला शेवटचं सांगितलं तो दिवस. आता मूल होणार नाही, आशा ठेवू नका, असं. घरी आलो, हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी सवयीनं गेम उघडला. तुला काही सांगितलं नव्हतं, सांगायची ताकदच नव्हती. विमानातून उडी मारली, खाली उतरले आणि नुसती उभी राहिले. तू विचारलंस, "बायडे, बंदूक घेतलीस का?" मी होते तिथंच उभी. मग म्हणालास, "आज गोळी नगं. बस गाडीत, फिरू."

तू कुठूनशी जीप आणलीस आणि त्या बेटाच्या कडेकडेनं आपण निघालो. डावीकडं समुद्र. एकदा पुलावर कुणीतरी आपल्यावर गोळ्या झाडल्या, तू नुसती गाडी पळवलीस. मध्ये मी रडायला लागले ते तुला ऐकू आलं असणार, हेडफोनात सगळं ऐकू येतं. तू विचारलं नाहीस. एकदा फक्त म्हणालास, "ह्यो रस्ता बग, आपल्या आटपाडीच्या माळावानी हाय का न्हाई? झाड म्हनून न्हाई." मग वर्तुळ लहान होत होत आपण त्याच्या बाहेर राहिलो, बाहेर राहणाऱ्याचं जातं तसं आपलं रक्त हळूहळू कमी होत गेलं, तरी तू गाडी थांबवली नाहीस. त्या आठवड्यात माझ्याकडं बायका येत होत्या, नवस सांगत होत्या, दत्तक घे म्हणत होत्या, देवाची मर्जी म्हणत होत्या. मला आधार झाला तो फक्त त्या जीपचा. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. आज बोलते. लय बरं वाटलं होतं रे दादा. मी त्या दिवशी तुझ्यामुळं उठून स्वयंपाक केला.

आणि शेवटची संध्याकाळ. मी टेकडीवरच्या एकाला बारीक गोळ्या घातल्या, नेमक्या घातल्या, पण तो दगडामागं गेला, पट्ट्या बांधून परत आला आणि त्यानं आपल्या दोघांनाही आडवं केलं. तुला आयतंच सापडलं. "बग! जाड आसती तर तितंच बसला आसता." मी म्हटलं, "तुझी असती तर त्याच्या शेजारच्या दगडाला लागली असती." मग चढत्या आवाजात सगळं जुनं निघालं, गोफणी, धोंडे, खडे. वहिनी तिकडून भाकरी थंड होतेय म्हणून हाका मारत होती. शेवटी तू म्हणालास, "उद्या ये. मी उभा ऱ्हातो, तू मार. दोनी गोळ्या. काय त्यो सोक्षमोक्ष लावू." मी म्हटलं, "जाड तू मारणार असशील तरच येते." तू हसलास की चिडलास ते मला कळलं नाही. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन तू क्वार्टरच्या पायरीवर बसलास. त्याच्या पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

माझ्या मनात मात्र एकच घोळत राहिलं. भांडण अर्धं टाकून गेलास. 'येते' असं सरळ म्हणाले नाही, अट घातली. तुझ्या मनात काही राहून गेलं का? राग घेऊन गेलास का?

दहाव्याला माणगंगेच्या पात्रात पिंड मांडला. कावळे होते, बाभळीवर ऐटीत बसलेले, पण एकही खाली येईना. वहिनी पुढं झाली, म्हणाली, "मी खंबीर हाय. माजी काळजी करू नगासा." कावळे ढिम्म. आई म्हणाली, "बाळा, बहिनीला अंतर देनार न्हाई." तरी ढिम्म. ऊन वाढायला लागलं, माणसं छत्र्या उघडायला लागली. तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला धरलं. "बायडे, तू बोल. तुमचं त्ये रोजचं भांडान ऱ्हायलंय का बग."

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. तिच्या गुडघ्यांबद्दल आपण किती बोलायचो तेही ठाऊक असणार.

मी पुढं गेले. साऱ्या भावकीसमोर हात जोडले आणि म्हटलं, "दादा, तुझंच खरं. जाड गोळीच भारी." आप्पा माझ्याकडं बघायलाच लागले. एका कावळ्यानं मान वळवली आणि पंख खाजवत बसला. मी थांबले. काही होईना. मग मला राग आला बघ. इतकी वर्षं न मानलेली हार मी मानतेय, आणि तुला तीही नको? मी म्हटलं, "बरं, खोटं बोलले. बारीकच भारी. तू मान्य कर नाहीतर करू नकोस."

आणि कावळा उतरला. उतरला तो सरळ पिंडावर.

वर्गात मी मुलांना सांगते की कावळा भुकेला असला की येतो. तो भुकेलाच असेल. पण आई डोळ्याला पदर लावून हसत होती, आणि मीही हसले, आणि दहा माणसांत तोंड लपवायला जागा नव्हती.

नंतर वहिनीबरोबर क्वार्टर आवरायला कोयनानगरला गेले. तुझे पक्कड, टेस्टर, टेपचे गुंडाळे खोक्यात भरत होतो. अचानक फळीवरची ताटं एकमेकांवर वाजली. खिडकीची काच थरथरली. मी उडून दाराशी गेले. वहिनीनं साडीची घडी सोडलीसुद्धा नाही. "हाललं जरा," म्हणाली, "हितं नेमी हालतं." मी तिथंच खाली बसले, आणि हसू की रडू कळेना. म्हणजे थोडे तरी भूकंप खरे होते. सगळे नाही, पण थोडे तरी. तेवढं मी मागं घेते.

काल मावशी आली. पाय दुखतात म्हणून तिला यायला उशीर झाला. तिनंही टेकायच्या आधी तेच विचारलं. "शेवटचं काय म्हनला गं?" का कोण जाणे, मी तिला खरं सांगितलं. 'उद्या ये, मी उभा ऱ्हातो, तू मार.' मावशीनं माझ्याकडं टक लावून बघितलं.

"मोबाइलातलं का?"

"व्हय."

"आनि त्यो? त्यो मारनार हुता तुला?"

"न्हाई मावशे. त्यानं कदीच न्हाई मारलं."

मावशीनं मान डोलवली. पाण्याचा घोट घेतला. मग सरळ विचारलं, "उद्या ये म्हनला हुता न्हवं? मग गेलीस का तू?"

गेले नव्हते. तू गेल्यापासून मी गेम उघडलाच नव्हता. हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून आज संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी, गेले. तुझं नाव यादीत आहे, नुसतं विझलेलं आहे. मी आपली दोघांचीच खोली उघडली आणि मैदानात उतरले. पांढऱ्या रेषेवर कुणी नव्हतं. आधी बारीक गोळ्या झाडल्या, सगळ्या एका जागी लागल्या. मग जाड भरली. बंदूक उसळली, आणि निम्म्या गोळ्या आभाळात गेल्या, जातातच. निकाल तोच, आणि तू म्हणायचास तसा तो धरायचा नाही.

मग शेवटची एक जाड गोळी ठेवली होती ती आबांनी शिकवलं तशी झाडली. तू जिथं उड्या मारत उभा राहायचास, त्याच्या हातभर म्होरं. आवाज चांगला मोठा झाला. तेवढ्यापुरती तुझी गोळी भारी, हे मी इथं लिहून देते. माघारी कुणी वळलं नाही. तरी मी भाकरीची वेळ टळेपर्यंत तिथंच थांबले होते.

दादा, तू ये म्हणाला होतास. मी अट न घालता आले होते.